जुना आरसा, नवा धनी

वापरलेल्या वस्तूंच्या संसारावर काही लिहावे, असे या अंकाच्या संपादकांनी सुचविले, तेव्हा जुनी पुस्तके, जुन्या मोटारी, जुने दागिने हे सरावाचे विषय बाजूस सारून मी जुन्या डिजिटल एसएलआर कॅमेऱ्याकडे वळलो. वस्तू जुनी होते ती बहुधा झिजून, मोडून किंवा तिच्यात काही न्यून आढळून. हा कॅमेरा मात्र आपल्या गुणांच्या ऐन भरात असताना जुना ठरला. ज्या कारखान्यांनी त्याला जन्म दिला त्यांनी आपले लक्ष दुसऱ्या जातीच्या यंत्राकडे वळविले, आणि कालपर्यंत लग्नमंडपापासून क्रिकेटच्या मैदानापर्यंत ज्याचा अंमल निर्वेधपणे चालत होता तो कॅमेरा प्रथम कपाटात आणि कपाटातून बाजारात आला. त्यामुळे कलाशाळेत नुकताच प्रवेश घेतलेली मुलगी, निवृत्तीनंतर पक्षिनिरीक्षणाचा छंद जडलेले गृहस्थ, तालुक्याच्या गावी स्टुडिओ थाटू पाहणारा तरुण, अशा बेताच्या ऐपतीच्या पण खऱ्या हौसेच्या माणसांपुढे आज एकच प्रश्न उभा आहे: असा वापरलेला कॅमेरा घ्यावा की न घ्यावा? हाच प्रश्न घेऊन मी बाजारात हिंडलो, दुरुस्तीच्या मेजाशी बसलो आणि विकणाऱ्यांच्या व घेणाऱ्यांच्या कैफियती ऐकल्या.

फोर्टातील फेरबाजार

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या समोरचा रस्ता ओलांडून फोर्टात शिरले, की दादाभाई नौरोजी मार्ग आणि बोरा बाजार यांच्या आसपास छायाचित्रणाच्या साहित्याची दुकाने दिसू लागतात. दर्शनी भागात नव्या मालाच्या झळाळत्या पाट्या, आणि आत, गल्ल्यामागच्या काचेच्या कपाटात, कॅनन आणि निकॉन या दोन घराण्यांच्या काळ्या बॉड्या एकमेकींना खेटून बसलेल्या, अशी तिथली सर्वसाधारण मांडणी असते. प्रत्येकीच्या गळ्यात पूर्वीच्या धन्याचा पट्टा असतो. कोणावर एखाद्या स्टुडिओचे नाव पांढऱ्या रंगाने लिहिलेले, कोणाच्या पाठीवरील रबर हाताच्या घामाने गुळगुळीत झालेले. दुकानदार प्रत्येकीची ओळख करून देतो ती ठरावीक शब्दांत: ही ‘सिंगल हँड’, म्हणजे एकाच मालकाची, ही ‘बिल-बॉक्स’सह, ही ‘मिंट’, म्हणजे जवळजवळ कोरी. ज्या एका शब्दाचा उच्चार तो होता होईल तो टाळतो, तो ‘ओपन पीस’, म्हणजे पूर्वी कधीतरी दुरुस्तीसाठी उघडलेला माल.

मुंबईला कॅमेऱ्याचे वेड नवे नाही. १८३९ साली पॅरिसमध्ये छायाचित्रणाचा शोध जाहीर झाला आणि १८५४ साली, म्हणजे अवघ्या पंधरा वर्षांत, या शहरात ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ ही संस्था उभी राहिली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिच्या एतद्देशीय सभासदांपैकी एक होते. वापरलेला कॅमेरा घेण्याची वहिवाटही येथे जुनीच आहे. आयातीवर कडक निर्बंध होते त्या काळात सामान्य माणसाची मजल देशात तयार होणाऱ्या अग्फा क्लिक-३ पर्यंत जाई, आणि त्यापलीकडे ज्यांना जायचे असे त्यांना याशिका किंवा सोव्हिएत झेनिट बहुधा कोणाच्या तरी हातून उतरलेलाच घ्यावा लागे. फरक इतकाच, की तेव्हा चांगला कॅमेरा दुर्मीळ म्हणून लोक वापरलेला घेत. आता तो मुबलक झाला आहे म्हणून घेतात.

माल येतो कोठून

ही मुबलकता कशी निर्माण झाली हे समजल्याशिवाय समोरच्या बॉडीची योग्यता ठरविता येत नाही. १९९१ साली कोडॅक कंपनीने निकॉनच्या एफ-३ या फिल्मच्या कॅमेऱ्याला इलेक्ट्रॉनिक जोड देऊन पहिला व्यावसायिक डिजिटल एसएलआर विक्रीस काढला. १९९९ मध्ये निकॉनने डी-१ हा सर्वस्वी आपल्या घडणीचा कॅमेरा आणला. त्याची क्षमता तीन मेगापिक्सेलही भरत नव्हती. २००३ मध्ये कॅननच्या ३००-डी ने हजार डॉलरांच्या आतली किंमत लावून हे यंत्र हौशी माणसाच्या आटोक्यात आणले, आणि २००८ साली आलेल्या ५-डी मार्क-२ ने उत्तम प्रतीचे चलच्चित्रणही त्याच पेटीत बसवून दिले. तेथून पुढची दहा वर्षे ही या कॅमेऱ्याच्या भरभराटीची वर्षे होत.

परंतु त्याच २००८ मध्ये पॅनासोनिकने आरसा नसलेला, म्हणजे ‘मिररलेस’, अदलाबदलीच्या लेन्सांचा कॅमेरा बाजारात ठेवला होता. २०१३ मध्ये सोनीने पूर्ण आकाराच्या संवेदकाचा तसाच कॅमेरा काढला. आणि २०१८ मध्ये निकॉन व कॅनन या दोघांनीही या नव्या जातीसाठी नव्या मापाची लेन्सची बैठक जाहीर केली, तेव्हा निकाल लागल्यातच जमा झाला. या दोन्ही घराण्यांचे शेवटचे नवे मोठे डिजिटल एसएलआर २०२० सालचे. आरशाशी आजही निष्ठा ठेवणारे ठळक नाव पेंटॅक्सचे.

या घडामोडीचा परिणाम फोर्टातल्या कपाटात तीन वाटांनी उतरतो. पहिली वाट लग्नाच्या छायाचित्रकारांची. ग्राहक नव्या धर्तीचे चित्रण मागतो म्हणून ते मिररलेस घेतात आणि जुन्या दोन-तीन बॉड्या एकगठ्ठा मोडीत काढतात. हा माल उत्तम श्रेणीचा, पण राबलेला. दुसरी वाट हौशी घरांची. सहलीच्या किंवा बाळाच्या बारशाच्या निमित्ताने घेतलेला, वर्षभर कौतुकाने वापरलेला आणि मोबाइलचा कॅमेरा सुधारल्यावर कपाटात गेलेला कॅमेरा घर आवरताना बाहेर निघतो; तो फारसा वापरलेला नसतो, पण पावसाळ्यामागून पावसाळे तसाच पडून राहिलेला असतो. तिसरी वाट भाड्याने कॅमेरे देणाऱ्यांची. त्या मालाने किती हात पाहिले याची मोजदाद कोणाजवळच नसते. राबलेला, पडून राहिलेला आणि हातोहात फिरलेला, अशा या तीन प्रकारांचे रोग तीन प्रकारचे, म्हणून त्यांची तपासणीही निरनिराळी करावी लागते. आणि समोरची बॉडी कोणत्या वाटेने आली हा दुकानदाराला विचारावयाचा पहिला प्रश्न असतो.

आरसा, पडदा आणि आकडा

डिजिटल एसएलआरच्या पोटात लेन्सच्या मागे पंचेचाळीस अंशांत कललेला एक आरसा असतो. समोरच्या दृश्याचा प्रकाश त्यावरून वर जातो, माथ्यावरील पंचकोनी लोलकातून वळतो आणि डोळ्याशी येतो, त्यामुळे पाहणाऱ्याला लेन्स पाहते तेच दृश्य, मध्ये कोणत्याही विजेच्या पडद्याचा आडपडदा न येता दिसते. बटण दाबताच आरसा वर उचलला जातो, लेन्समधील पाकळ्या ठरलेल्या मापापर्यंत मिटतात, संवेदकापुढचा पहिला पडदा सरकून प्रकाशाला वाट देतो, दुसरा त्याच्या मागोमाग येऊन ती बंद करतो, आणि आरसा परत आपल्या जागी बसतो. सेकंदाच्या चारहजाराव्या भागाइतका वेगवान क्षण टिपायचा असेल तेव्हा तर पहिला पडदा पुरता उघडण्याआधीच दुसरा निघतो, आणि दोघांमधली एक अरुंद फट संवेदकावरून धावत जाते. ज्याला आपण ‘खटक्’ असा एक आवाज म्हणून ऐकतो तो वस्तुतः या साऱ्या हालचालींचा समुच्चय असतो.

एवढे वर्णन करण्याचे कारण असे, की या यंत्रात काय म्हातारे होते आणि काय होत नाही, याचा उलगडा त्यातूनच होतो. संवेदक म्हणजे सिलिकॉनचा स्थिर तुकडा; चित्रे काढली म्हणून तो पडद्यासारखा झिजत नाही. झिजतात ते हलणारे भाग: आरशाची बिजागरी, पडद्यांची पाती, त्यांना ताण देणाऱ्या स्प्रिंगा. कारखानदारांनी या भागांची कसोटी लावून निरनिराळ्या मॉडेलांची अपेक्षित मजल जाहीर केलेली आहे. निकॉनच्या डी-३५०० सारख्या प्राथमिक श्रेणीच्या कॅमेऱ्यास एक लाख चित्रे, डी-७५० किंवा कॅननच्या ५-डी मार्क-३ यांस दीड लाख, डी-८५० ला दोन लाख आणि वृत्तछायाचित्रकारांच्या डी-५ ला चार लाख, असे हे आकडे आहेत. तो आकडा म्हणजे आयुष्याची अखेर नव्हे. त्यापुढे कित्येक कॅमेरे निर्धास्त चालतात आणि काही त्याच्या अलीकडेच थांबतात. पण लग्नसराईत एकेका कार्यात अडीच हजार चित्रे घेणारा छायाचित्रकार चाळीस लग्नांत एक लाखाची मजल गाठतो, हे साधे त्रैराशिक मनाशी मांडले, म्हणजे ‘फक्त दोन सीझन वापरला’ या वाक्याचे खरे वजन कळते.

बैलबाजारात दात पाहिल्याशिवाय सौदा होत नाही, तसा या बाजारात ‘शटर काउंट’, म्हणजे पडदा आजवर किती वेळा उघडला ती संख्या, पाहिल्याशिवाय होत नाही. निकॉनच्या कॅमेऱ्यांत ही संख्या प्रत्येक चित्राच्या पोटातील माहितीत नोंदलेली असते. जागच्या जागी एक चित्र काढून संगणकावर उघडले की ती वाचता येते. कॅननच्या बहुतेक मॉडेलांत ती चित्रात उमटत नाही. कॅमेरा तारेने संगणकास जोडून निराळ्या आज्ञावलीने ती काढावी लागते, आणि काही मॉडेलांच्या बाबतीत सेवाकेंद्राकडेच जावे लागते. हा आकडा महत्त्वाचा खरा, परंतु त्यावर सर्वस्वी विसंबणारा ग्राहकही फसतो. चलच्चित्रण करताना पडदा एकदाच उघडतो आणि संवेदक पुढे मिनिटेच्या मिनिटे तापत राहतो. म्हणजे ज्याने सारे वर्ष मुलाखती आणि लग्नाचे व्हिडिओ काढले त्याच्या कॅमेऱ्याचा आकडा एखाद्या गृहस्थाच्या कॅमेऱ्याइतका लहान दिसू शकतो. आकडा लहान, पण पाठीवरचे रबर गुळगुळीत, तारा जोडण्याची खाच सैल आणि तळाशी तिवईच्या स्क्रूभोवती ओरखड्यांचे वर्तुळ, असा देखावा दिसला की शंका घ्यावी.

अशा एका दुकानात एक मुलगी वडिलांबरोबर आली होती. जवळच्या सर ज. जी. कलासंस्थेत तिने उपयोजित कलेसाठी प्रवेश घेतला होता, आणि वडिलांच्या चेहऱ्यावर सौद्याविषयीचा अविश्वास व लेकीविषयीचा विश्वास यांचे मिश्रण स्पष्ट दिसत होते. तिने पिशवीतून स्वतःचे कोरे कार्ड काढून कॅमेऱ्यात घातले, लेन्स दाराबाहेरच्या उजळ आभाळाकडे रोखली, छिद्र एफ/२२ पर्यंत बारीक केले आणि एक चित्र घेतले. मग लेन्सवर झाकण लावून अंधारात काही सेकंदांचे दुसरे. पहिल्या चित्रात संवेदकावरची धूळ किंवा तेलाचे शिंतोडे काळ्या ठिपक्यांच्या रूपाने दिसतात, दुसऱ्यात निकामी झालेले बिंदू रंगीत ताऱ्यांसारखे चमकतात. नंतर तिने वेगाची चक्री एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून प्रत्येक वेगावर खटका वाजवून पाहिला, आणि केंद्रीकरणाचा एकेक बिंदू निवडून समोरच्या पाटीवरील अक्षरांवर नेमका बसतो की नाही याची रुजवात घेतली.

“काका, मुलगी शिकून आली आहे हो,” दुकानदार हसत म्हणाला.

“शिकून नाही, हरवून आली आहे,” वडील म्हणाले. “मैत्रिणीचे पैसे गेले, तेव्हापासून सगळे वाचून काढले तिने.”

आभाळाच्या चित्रात वरच्या कोपऱ्यात ठिपक्यांचा पुंजका निघाला. हे संवेदक स्वच्छ करण्याचे काम आहे, यंत्र बिघडल्याचे नव्हे, हे दोन्ही पक्षांना ठाऊक होते. म्हणून वादावादी न होता सफाईची जबाबदारी दुकानदाराकडे गेली आणि सौदा पुढे सरकला. तपासणीचा खरा उपयोग हाच, की दोषाला नाव मिळते आणि नाव मिळालेल्या दोषाची किंमत ठरविता येते.

काचेतील बुरशी

बॉडीविषयी इतके बोलल्यावर लेन्सकडे यायला हवे, कारण अनुभवी माणसे पैसा तिच्यात घालतात. बॉडीचे मोल वर्षागणिक उतरते. चांगली लेन्स तुलनेने आपले मोल टिकवून धरते. परंतु कोकणपट्टीच्या हवेत लेन्सला एक असा शत्रू आहे, की तो वापराने नव्हे, तर न वापराने बळावतो. पावसाळ्याचे चार महिने बंद कपाटात, चामड्याच्या किंवा कापडी पिशवीत, अंधारात ठेवलेल्या लेन्सच्या काचांवर बुरशीचे तंतू धरतात आणि कोळ्याच्या जाळ्याप्रमाणे फाकत जातात.

फोर्टातल्याच एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर, लाकडी जिना चढून गेल्यावर, एका दुरुस्ती कारागिराचे मेज आहे. खिडकीशी दिवा, त्याखाली रबरी चटई, तिच्यावर स्क्रूंचे क्रम लावून ठेवलेल्या डब्या, काचांच्या कड्या फिरविण्याचा दुटोकी पाना, हवेचा रबरी फुगा आणि स्पिरिटची बाटली. त्यांनी एक झूम लेन्स उचलली, पाकळ्या पूर्ण उघडल्या, मागून विजेरीचा झोत सोडला आणि माझ्या हाती दिली. समोरून पाहता निर्मळ दिसणाऱ्या त्या काचेत तिरप्या उजेडात पांढऱ्या तंतूंची नक्षी उमटली होती.

“ही आत्ता पुसली तर निघेल,” ते म्हणाले. “पण साहेब, हिला अजून दोन पावसाळे ठेवली, की काचेवरचा मुलामा खाते. मग मी पुसणार काय? डागच उरतो.”

लेन्स उघडली म्हणजे तिच्यातील काचांचे अंतर आणि मध्य पुन्हा जुळवावे लागतात, आणि ते सूतभर चुकले तर चित्राची एक बाजू कायमची धूसर राहते. म्हणून साफ केलेली लेन्स आणि साफच राहिलेली लेन्स यांच्या भावात फरक असतो, आणि तो असणे रास्त आहे. बुरशीखेरीज काचांवर साचलेला धुरकट थर, चिकटविलेल्या काचा सुटू लागल्याची चकाकती कड, पाकळ्यांवर उतरलेले तेल, आणि बॅरल फिरविताना रेतीसारखी लागणारी करकर, हे इतर दोष विजेरी व बोट यांच्या साह्याने जागच्या जागी ओळखता येतात. खरेदीनंतर हा रोग दूर ठेवण्याचा उपाय साधा आहे: हवेतील दमटपणा चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या दरम्यान राखणारे विजेचे कपाट, किंवा ते परवडत नसेल तर घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि दमटपणा दाखविणारे लहान घड्याळ. पुण्या-नाशिकच्या माणसाला हा खर्च टाळता येईल. मुंबई, रत्नागिरी, पणजीच्या माणसाने तो कॅमेऱ्याच्या किमतीतच धरावा.

लेन्सच्या बाबतीत आणखी एक गोम आहे, आणि तिच्यात नवखे ग्राहक हटकून सापडतात. निकॉनच्या एसएलआरची बैठक १९५९ पासून आकाराने तीच आहे. परंतु जुन्या ‘डी’ जातीच्या लेन्सांमध्ये केंद्रीकरणाची मोटर नसते, ती बॉडीत असावी लागते, आणि डी-३५०० किंवा डी-५६०० या लहान बॉड्यांत ती नाही. स्वस्तात मिळालेली ५० मिलिमीटरची जुनी लेन्स अशा बॉडीवर चढते, चित्रही काढते, पण केंद्रीकरण हाताने करावे लागते. कॅननची ईएफ बैठक १९८७ ची, आणि तिच्यातील मोटर लेन्समध्येच. तेथे ही अडचण नाही, मात्र लहान संवेदकासाठी घडविलेल्या ईएफ-एस लेन्सा कॅननच्या पूर्ण आकाराच्या डिजिटल एसएलआरवर बसतच नाहीत. पुढेमागे मिररलेसकडे जायचे असेल तर हा तपशील आजच पाहावा: कॅननच्या ईएफ लेन्सा अडॅप्टरमधून नव्या बॉड्यांवर सर्व कार्य करतात, निकॉनच्या एएफ-एस लेन्साही करतात, परंतु निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरमध्ये मोटर नसल्याने ‘डी’ जातीच्या लेन्सा तेथेही हातानेच फिरवाव्या लागतात.

कागद आणि इमान

यंत्राची शहानिशा झाली, तरी व्यवहाराची राहते. वापरलेल्या वस्तूच्या खरेदीत कायदा ग्राहकाच्या बाजूने फार बोलत नाही. १९३० च्या मालविक्री अधिनियमाचे सर्वसाधारण सूत्र असे, की ठरावीक अपवाद वगळता मालाच्या प्रतीविषयी न बोललेली हमी गृहीत धरली जात नाही. आणि जो स्वतः धनी नाही त्याच्याकडून घेणाऱ्यालाही त्याहून अधिक चांगला हक्क सामान्यतः मिळत नाही. म्हणजे चोरीचा कॅमेरा पूर्ण पैसे मोजून घेतला, तरी तो आपला होत नाही. आणि चोरीचा आहे हे ठाऊक असून किंवा तसे मानण्यास कारण असून घेतला, तर भारतीय न्याय संहितेचे ३१७ वे कलम आड येते. बाजारभावाच्या निम्म्याने, पावतीशिवाय, चार्जरशिवाय, रेल्वे फलाटावर भेटून देऊ केलेला कॅमेरा हे असे कारण ठरण्यास पुरेसे आहे.

म्हणून पावती हा या व्यवहारातील मुख्य दस्तऐवज. मूळ पावतीवरील क्रमांक बॉडीच्या तळाशी कोरलेल्या क्रमांकाशी जुळावा. आणि तो पुन्हा काढलेल्या चित्राच्या पोटातील क्रमांकाशी ताडून पाहावा, कारण पुष्कळ मॉडेलांत तोही नोंदला जातो. तीन ठिकाणी एकच क्रमांक निघाला तर माल सरळ. तळ एक सांगतो आणि चित्र दुसरेच, तर त्या बॉडीची कातडी कधीतरी बदलली आहे. परदेशातून परस्पर आलेला, येथील अधिकृत विक्रेत्याच्या पावतीविना फिरणारा ‘ग्रे’ माल चोरीचा असतो असे नव्हे. पण त्याच्या दुरुस्तीस अधिकृत सेवाकेंद्र तयार होईल की नाही, हे आधी विचारलेले बरे. जुन्या मॉडेलांचे सुटे भाग ठेवण्याची कंपन्यांची मुदत संपत जाते, हेही त्याच वेळी विचारावे.

जुन्या यंत्राचा एक लाभ येथे ध्यानात येतो: त्याचे गुणदोष जगजाहीर झालेले असतात. २०१२ च्या निकॉन डी-६०० मध्ये संवेदकावर ठिपके साठत असल्याचे गाऱ्हाणे आले, आणि २०१४ मध्ये कंपनीने हमीची मुदत संपलेल्या कॅमेऱ्यांचीही तपासणी व पडदा बदलण्याचे काम विनामूल्य पत्करले. डी-७५० च्या काही बॉड्या कंपनीने दुरुस्तीसाठी परत बोलाविल्या, आणि काम झालेल्या बॉडीच्या तिवईच्या छिद्रात काळा ठिपका ठेवण्याची खूण ठरविली. ज्याने हे वाचले आहे तो कॅमेरा उलटा करून त्या छिद्रात डोकावतो. ज्याने वाचलेले नाही तो वरचे पॉलिश पाहतो. आज बाजारात आलेल्या नव्या कॅमेऱ्यात कोणता दोष पाच वर्षांनी उघडकीस येईल, हे त्याच्या कारखानदारालाही सांगता येणार नाही.

दुकानदाराकडून घ्यावा की परभारे मालकाकडून, या प्रश्नावर बाजारात दोन मते आहेत. दुकानदार आपला नफा घेतो, पण त्याची पाटी उद्याही तेथेच असते आणि महिना-तीन महिन्यांची दुकानाची हमी तो लिहून देतो. मालक स्वस्तात देतो, पण पैसे हाती पडल्यावर त्याचा फोन लागेलच असे नाही. ज्याला स्वतः परीक्षा करता येते त्याने मालक गाठावा, ज्याला येत नाही त्याने दुकान गाठावे आणि हमीचा मजकूर पावतीवर लिहूनच घ्यावा.

घ्यावा कोणी, न घ्यावा कोणी

मोबाइल खिशात असता हा भार कशासाठी वाहावा, ही शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर क्षेत्रफळात आहे. चांगल्या मोबाइलमध्येही क्वचितच आढळणारा ‘एक इंची’ म्हणविणारा संवेदक सुमारे ११६ चौरस मिलिमीटरचा असतो. निकॉनच्या लहान डिजिटल एसएलआरचा ३६६ चौरस मिलिमीटरच्या आसपास. आणि पूर्ण आकाराचा ८६४. मोबाइल ही तूट अनेक चित्रे क्षणात एकावर एक बसवून, गणिताच्या बळावर पुष्कळशी भरून काढतो, आणि घरगुती कामास ते पुरते. परंतु संधिप्रकाशातील हलता नर्तक, भिगवणच्या पाणथळीत दूरवर उतरणारे रोहित पक्षी, किंवा ताडोबाच्या झाडीतली क्षणिक हालचाल टिपायची, तर मोठा संवेदक आणि लांब पल्ल्याची लेन्स यांना अजून पर्याय नाही.

नव्या मिररलेसच्या तुलनेतही जुन्याचे पारडे सर्वच बाबतींत हलके नाही. २०१२ मधील निकॉन डी-३२०० हा प्राथमिक श्रेणीचा कॅमेरा चोवीस मेगापिक्सेलचा होता, आणि आज विकल्या जाणाऱ्या कित्येक नव्या कॅमेऱ्यांचा आकडा तेवढाच आहे. एवढ्या चित्राचा तीनशे बिंदूंच्या घनतेने छापलेला ठसा वीस इंच लांबीचा निघतो. डोळ्याने आरशातून पाहताना बॅटरी जवळजवळ खर्ची पडत नाही, म्हणून डी-३५०० ची बॅटरी प्रमाणित चाचणीत एका भारात १५५० चित्रे देते. आरंभीचे अनेक मिररलेस तीन-चारशेवर थांबत. नव्याची खरी सरशी आहे ती दुसरीकडे: हलत्या माणसाचा डोळा ओळखून त्यावर केंद्र धरून ठेवणे, निःशब्द चित्रण, आणि व्हिडिओ. ज्याची उपजीविका या तीन गोष्टींवर चालणार आहे, म्हणजे लग्न, नाटक किंवा जाहिरात यांचे काम ज्याला आजच घ्यायचे आहे, त्याने जुन्याच्या स्वस्ताईला भुलू नये. थोडे थांबून, वाटल्यास भाड्याने काम भागवून, नव्या जातीचाच कॅमेरा घ्यावा, मग तोही वापरलेला का असेना.

उलट ज्याला प्रकाश शिकायचा आहे, ज्याचा विषय निसर्ग, स्थापत्य, वस्तूचित्र किंवा घरची माणसे हा आहे, आणि ज्याच्या गाठीशी ठरावीकच रक्कम आहे, त्याच्यासाठी वापरलेला डिजिटल एसएलआर आज जितका योग्य आहे तितका पूर्वी कधीच नव्हता. भावाची मोठी घसरण होऊन गेलेली आहे, दोषांची यादी उघड आहे, आणि झिजणारे भाग कोणते व ते कसे मोजावे हे सर्वांना ठाऊक आहे. अशा ग्राहकाने रकमेची विभागणी मात्र बाजाराच्या उलट करावी. बाजार त्याला बॉडीचा नंबर आणि मेगापिक्सेल दाखवील. त्याने रकमेचा मोठा हिस्सा लेन्ससाठी राखावा, दुसरा हिस्सा अस्सल नवी बॅटरी आणि कोरडे ठेवण्याचे साधन यांसाठी काढावा, एक रक्कम पडदा बदलण्याच्या संभाव्य खर्चासाठी अलग ठेवावी, आणि उरलेल्या पैशांत बसेल ती, आकडा मध्यम असलेली, पावतीसह मिळणारी बॉडी घ्यावी. हा हिशेब मांडल्यावर उरलेल्या पैशांत बॉडी बसत नसेल, तर तो व्यवहार या वर्षीचा नाही असे समजावे. आणि बसत असेल, तर आरसा काढणाऱ्या कारखान्यांनी पुढे काय काढले याची चौकशी सोडून, कार्ड आणि विजेरी खिशात टाकून, सकाळच्या उजेडात बाजार गाठावा.